व्यवस्थापकालाही ठाऊक नसलेला परवलीचा शब्द

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या महाविद्यालयाच्या संगणककक्षात जाऊन तेथील व्यवस्थापकांना विचारा, "सर, मी माझा पासवर्ड विसरलो. जरा सांगता का?" ते म्हणतील, "नवा देतो. जुना मात्र मलाही ठाऊक नाही." ही टाळाटाळ नव्हे. व्यवस्था नीट असेल, तर तुमचा परवलीचा शब्द त्या संगणकात कोठेही लिहिलेला नसतो! मग तुम्ही दिलेला शब्द खरा की खोटा, हे तो ओळखतो तरी कसा?

यादी फुटली!

प्रारंभी शब्दांची सरळ यादीच ठेवलेली असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकाच संगणकावर अनेकांना काम करता येईल अशी प्रणाली तयार केली. प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेला असे. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आपला वेळ पुरेना. १९६२ साली त्याने एका पंचकार्डावर विनंती लिहून ती यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. यादी कितीही जपली तरी ती कधी ना कधी फुटते, हा यातला धडा.

एकेरी वाट

आता कागद-पेन्सिल घ्या. १२३४५ ला ९७ ने भागा. बाकी २६ उरते. समजा, वहीत आपण फक्त २६ लिहिले. कोणी १२३४५ सांगितले की पुन्हा भागाकार करायचा. बाकी जुळली की माणूस खरा! पण वही चोरणाऱ्याला २६ वरून १२३४५ काढता येईल का? नाही. कारण २६, १२३, २२० अशा कितीतरी संख्यांना तीच बाकी उरते.

अर्थात आपली युक्ती कच्ची आहे. चोराने नुसते २६ सांगितले तरी तो आत शिरेल! संगणकातील खरी सूत्रे अशी रचलेली असतात, की तेच उत्तर देणारा कोणताही शब्द उलट गणिताने शोधणे व्यवहारात अशक्य व्हावे. या उत्तराला 'हॅश' म्हणतात. शिवाय दोघांनी योगायोगाने एकच शब्द निवडला, तरी हॅश वेगळा यावा म्हणून प्रत्येकाच्या शब्दात काही यादृच्छिक अक्षरे मिसळतात. त्यांना 'सॉल्ट', म्हणजे चक्क मीठ म्हणतात!

एक नोंदवही, अनेक संगणक

मोठ्या संस्थेत शेकडो संगणक असतात. प्रत्येकावर वेगळी यादी ठेवण्याऐवजी एका मध्यवर्ती संगणकावर सर्वांची नोंद ठेवतात. हाच 'डिरेक्टरी सर्व्हर'. नियमही तोच पाळून घेतो: शब्द किती लांब हवा, जुना शब्द पुन्हा चालेल का, किती चुका झाल्यावर खाते बंद करायचे. चार अंकांच्या संकेताच्या १०,००० शक्यता असतात. पण पाच चुकांनंतर दार बंद झाले, तर चोराला त्यांतल्या पाचच तपासता येतात.

मात्र हॅशची यादीच चोरीला गेली, तर हे दार निरुपयोगी ठरते. चोर आपल्या घरी बसून एकेक शब्द सूत्रात घालून पाहतो. म्हणून सूत्र मुद्दाम संथ ठेवतात आणि शब्द लांब मागतात. केवळ इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरांचे सुमारे २०,८८३ कोटी शब्द होतात. अक्षरे बारा केली, की शक्यता त्याच्याही ४,५६,९७६ पट होतात!

माणसाचा स्वभाव

पण माणूस यादृच्छिक शब्द निवडतो कोठे? बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली ३,२८९ परवलीच्या शब्दांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २,८३१ शब्द, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार आखूड होते किंवा शब्दकोशांत व नावांच्या याद्यांत सापडणारे होते.

मग नियम कडक करावेत का? दर तीन महिन्यांनी शब्द बदलायला लावले, की 'गणपती१' चा 'गणपती२' होतो. चोरालाही एवढे कळते! म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ साली सल्ला दिला, की ठरावीक मुदतीने शब्द बदलायची सक्ती नको. फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र तो बदलायलाच लावा. लांब शब्द स्वीकारा आणि नेहमीचे व पूर्वी फुटलेले शब्द नाकारा.

तेव्हा मित्रांनो, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून आपला परवलीचा शब्द करा आणि तो एकाच ठिकाणी वापरा. आणि 'विसरलो' म्हटल्यावर एखाद्या सेवेने तुमचा जुनाच शब्द जसाच्या तसा परत पाठवला, तर आनंद मानू नका. तो वाचता येईल अशा रूपात तेथे ठेवलेला आहे, हे ओळखा आणि तोच शब्द आणखी कोठे वापरला असेल, तर तेथे आजच बदला.