अडीच सुताचा घोळ

जव्हारहून मोखाडा, खोडाळा किंवा खाली विक्रमगडकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एसटीच्या दोन फेऱ्यांमधला वेळ वर्षानुवर्षं जीपने भरून काढला. वांगणीसारख्या गावातून बाजार, दवाखाना किंवा कॉलेज गाठायचं तर नाक्यावर उभं राहायचं आणि गाडी भरायची वाट पाहायची. आता बोलेरो आणि इको आल्या आहेत. तरी कुठे कुठे महिंद्राची जुनी कमांडर किंवा 540 अजून घाट चढते. या गाड्यांच्या पोटात एक दुखणं हमखास सापडतं. बोल्ट फिरतो, फिरतच राहतो, पण आवळत नाही. मिस्त्री पाना खाली ठेवतो आणि मालकाकडे बघून म्हणतो, ‘‘शेठ, आटे गेलेत.’’

आटे म्हातारपणाने क्वचितच जातात. बहुतेक वेळा कोणीतरी ते घालवलेले असतात, आणि जुन्या जीपमध्ये ते घालवणं फार सोपं आहे. महिंद्राची कंपनी 1945 ची. गाड्यांची सुरुवात तिने विलीजच्या जीपा मुंबईत जोडून केली आणि त्या अमेरिकन गाडीबरोबर इंचातले बोल्ट आले. 1963 पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने ट्रॅक्टर बनू लागले, आणि त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन पुढे जीपमध्येही बसलं. तेही इंचातलंच. मग 540 सारख्या गाड्यांत फ्रेंच पेजोचं एक्सडीपी 4.90 आलं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर, एकूण 2112 सीसी आणि आटे मिलिमीटरचे. म्हणजे इंजिन मिलिमीटरचं, त्याच्या मागचा जुना सांगाडा इंचाचा. त्यात तीस वर्षांत हाती लागेल ते इंजिन, हाती लागेल तो गिअरबॉक्स, असं अदलाबदलीचं काम झालेलं. कुठल्या भोकात कुठला आटा आहे हे कागदावर बघून कळत नाही.

खरा घोळ अडीच सुतावर होतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुताचा बोल्ट 7.94 मिलिमीटर जाड. त्याच्या शेजारी आठ एमएमचा बोल्ट ठेवला तर डोळ्याला फरक दिसणार नाही. पण आठ एमएमच्या नेहमीच्या बोल्टाच्या दोन आट्यांत 1.25 मिलिमीटर अंतर असतं. अडीच सुताच्या जाड आट्यात ते 1.41 आणि बारीक आट्यात 1.06. चुकीचा बोल्ट हाताने दोन-तीन फेरे आत जातो, मग अडतो. डोकीसुद्धा फसवी आहेत. एकाचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे 12.7, दुसऱ्याचं 13. तेरा नंबरचा पाना दोन्हींवर बसतो. नवा पोरगा ‘गंज असेल’ असं समजून पान्याला पाईप लावतो आणि बोल्ट भोकातले आटे कापत आत जातो. अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर असेल तर तक्रारही न करता जातो.

दुसरं कारण हाताची ताकद. सहा एमएमच्या बोल्टाला साधारण 10 न्यूटन-मीटर एवढीच आवळ पुरते. वीतभर पान्याच्या टोकाशी ती पाच किलोच्या आसपासची ओढ झाली. अर्धा मीटर पाईप लावला की तेवढ्याच ओढीला दुपटीहून जास्त आवळ बसते, आणि पाईप लावणारा पाच किलोवर थांबत नाही. बोल्टावरचा भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जातो असंही नाही. पहिला आटाच जवळजवळ तिसरा हिस्सा पेलतो. तो गेला की मागचे एकामागून एक जातात.

यावर गॅरेजात जे पहिलं केलं जातं, त्याला दुरुस्ती म्हणवत नाही. टेफ्लॉन टेप गुंडाळ, तांब्याच्या वायरीची तार आट्यात घाल, नाहीतर एम-सील भर. चेंबरच्या ड्रेन बोल्टाला एवढ्याने एखादा महिना निघतो. पावसाळ्यात भरलेली गाडी रस्त्यात उभी राहण्यापेक्षा तो महिना बरा, हेही खरं. पण पुढच्या वेळी ऑइल बदलताना उरलेसुरले आटे तारेबरोबर बाहेर येतात.

पुढचा मार्ग भोक मोठं करण्याचा. आठचं भोक साडेआठच्या ड्रिलने उघडायचं, दहाचा टॅप मारून नवे आटे कापायचे, दहाचा बोल्ट घालायचा. स्वस्त आणि मजबूत. पण बोल्ट ज्या कव्हरमधून जातो त्याचंही भोक वाढवावं लागतं, आणि भोकाभोवती भिंत किती उरली हे आधी पाहावं लागतं. कडेला तीन मिलिमीटर धातू असेल तर हा मोह टाळावा. ऐनवेळी भिंतच फुटली तर मग आर्गन वेल्डिंगसाठी तो भाग सुमारे 80 किलोमीटरवरच्या नाशिकला न्यायचा.

मला सगळ्यात पटते ती हेलिकॉइल. स्टेनलेस स्टीलच्या शंकरपाळी छेदाच्या तारेची ही गुंडाळी. आठ एमएमसाठी भोक 8.3 च्या ड्रिलने साफ करायचं आणि हेलिकॉइलचा खास टॅप मारायचा. नेहमीचा टॅप इथे चालत नाही. ड्रिल सरळ उभा हवा. तिरपा गेला तर बोल्ट तिरपा आणि कव्हर गळकं. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेलचे थेंब द्यावेत, बिडाला कोरडंच कापावं. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की कीस त्याला चिकटून बाहेर येतो, इंजिनात पडत नाही. मग गुंडाळी अवजाराने आत फिरवायची, पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवायची आणि तळाची आडवी शेपटी ठोकून तोडायची. आरपार भोकात तो तुकडा चिमट्याने उचललाच पाहिजे, नाहीतर एवढासा पोलादी तुकडा इंजिनच्या पोटात हिंडतो. अ‍ॅल्युमिनियममध्ये असा आटा मूळच्यापेक्षा जास्त टिकतो, कारण बोल्ट आता पोलादात फिरतो आणि गुंडाळीचा बाहेरचा आटा जास्त धातूला धरतो.

टॅप आत तुटला तर मात्र संकट. तो इतका कडक असतो की साधा ड्रिल त्याच्यावर नुसता घसरतो. म्हणून घाई असलेल्या गिऱ्हाइकासमोर टॅप फिरवू नये, हे माझं मत. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांनाही रस्त्याकडेला हात लावू नये. तिथे मशीन शॉपच बरं.

राहता राहिली नोंद. अडीच सुताच्या भोकात आठ एमएमची हेलिकॉइल बसवली की ते एकच भोक मिलिमीटरचं होतं, शेजारची इंचातच राहतात. त्या बोल्टाच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्यावा आणि मालकालाही सांगून ठेवावं. पुढच्या वेळी ते कव्हर मोखाड्याला उघडेल की त्र्यंबकला, कोणाला ठाऊक, आणि तिथला पोरगा सगळे बोल्ट एकाच ताटलीत काढून ठेवणार.