प्रवराकांठचें पाणी व माती

आपल्या विद्यालयांतील पुष्कळ विद्यार्थी खेड्यांतून येतात. परंतु ज्या शेतांतून त्यांची वाट जाते तीं त्यांच्या पणजोबांनीं पाहिलीं तशीं राहिलेलीं नाहींत, हें थोड्यांच्याच ध्यानीं असेल. हा पालट कसा घडतो, तें प्रवरा नदीच्या कांठच्या उदाहरणावरून सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हा मुलूख. पश्चिमेस घाटमाथ्यावर धो धो पाऊस. खालीं संगमनेर-राहुरीकडे मात्र आभाळाकडे डोळे लावून बसावयाचें. शेतकरी खरिपांत बाजरी, मठ, हुलगे आणि रब्बींत जोंधळा, हरभरा पेरी. विहीर असेल तेथें चामड्याची मोट चाले. बैल धावेवरून खालीं उतरूं लागले कीं नाड्यानें मोट वर येई, सोंदूर सोंडेस ओढून धरी, आणि पाणी थारोळ्यांत पडून पाटानें वाफ्यांकडे जाई. दिवसभर खपून एका जोडीच्यानें थोडेंच रान भिजे. म्हणून पाणी कोणी वायां जाऊं देत नसे. ही काटकसर, आमच्या मतें, माणसाच्या शहाणपणापेक्षां बैलांच्या थकव्यानेंच अधिक शिकविली होती!

1910 सालीं भंडारदरा येथें धरणाचें काम सुरू झालें व तें 1926 सालीं पुरें झालें. धरणाची उंची सुमारें 270 फूट. त्याचें पाणी कालव्यांनीं खालच्या गांवांस मिळूं लागलें, तेव्हां बाजरीच्या रानांत उंसाचे मळे उभे राहिले व गुऱ्हाळें पेटलीं. पुढें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना प्रवरानगर येथें निघाला. 1950-51 च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. मोटा हळूहळू थांबल्या, इंजिनें व नंतर विजेचे पंप आले, कुडाच्या जागीं पक्कीं घरें झालीं.

परंतु पाणी येण्याची वाट झाली, जाण्याची झाली नाहीं. काळी माती पाणी धरून ठेवते. कालव्याचा पाझर आणि उंसास दिलेलें जास्तीचें पाणी खालीं सांचत जातें व भूजल वर चढतें. तें पृष्ठभागाजवळ आलें म्हणजे मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल वर ओढली जाते. उन्हानें पाणी उडून जातें, पण त्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. सरीवरंब्यावर पांढरा थर दिसूं लागतो. मुलांस तो राखच वाटेल. क्षारांत सोडियम अधिक असल्यास माती चिकट होऊन छिद्रें बुजतात. अशा जमिनीस शेतकरी ‘चोपण’ म्हणतात. तींत पाणी मुरत नाहीं, बी रुजत नाहीं, आणि ज्या रानानें घर बांधून दिलें तेंच ओसाड पडतें. नीरेचा डावा कालवा 1885 सालचा. त्यावरील शेतकऱ्यांनीं हें दु:ख आधींच भोगलें होतें.

जमीन सुधारतां येते. जिप्सम घालतात, धैंचा वाढवून नांगरानें गाडतात, ठिबकानें पाणी बेतानें देतात. पण ह्या सर्वांआधीं निचऱ्याचा चर हवा, व खरी अडचण तेथेंच आहे. चर उताराच्या बाजूनें नाल्यापर्यंत न्यावा लागतो, आणि तो वाटेंतील प्रत्येकाच्या रानांतून जातो. एकानें जरी तो आपल्या बांधापाशीं बुजविला, तरी वरच्या सर्वांच्या शेतांत पाणी पुन: तुंबतें.