नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत

विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली ती बॅकबेपर्यंत. आणि त्याच बॅकबेच्या समुद्रात भर घालून सिद्ध केलेल्या नरिमन पॉइंटच्या भूमीवर एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १९७४ साली पूर्ण झाली. विरारच्या मनवेलपाड्याच्या रहिवाशाने चर्चगेटला उतरून मरीन ड्राइव्हच्या कठड्याने दक्षिणेस चालू लागावे, म्हणजे ती प्रथम दूरवर, मग एकाएकी अगदी मस्तकावर दिसू लागते.

न्यूयॉर्कचे वास्तुशिल्पी जॉन बर्जी यांनी तिचा आराखडा केला, तेव्हा कंपनीचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा होते. शिखरावर बाण सोडणारा अश्वमानव, म्हणजे धनू राशीचे चिन्ह, झळकत असे. खारट वारा आणि पावसाळी लाटा यांच्या अगदी तोंडावर, भरावाच्या जमिनीत पाया घालून एवढी उंची पेलणे हे मला त्या चिन्हाहूनही अधिक विस्मयकारक वाटते. हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांच्या कृती जमविणाऱ्या या कंपनीचे मुख्यालय असा तिचा लौकिक होता. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत तिच्या पायथ्याशी माणसे मेली. इमारत उभी राहिली.

२०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीस गेले, २०२२ मध्ये विमान कंपनी टाटांकडे परतली, इमारत मात्र केंद्राच्या मालकीत उरली. अखेर १६०१ कोटी रुपयांस ती महाराष्ट्र सरकारला देण्यास मार्च २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. या व्यवहाराचे मी मनापासून स्वागत करतो. कारण जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे मजले आणि असंख्य दस्तऐवज भस्मसात झाले, काही खाती भाड्याच्या जागांत विखुरली. आणि पालघर जिल्ह्यातून रजा काढून आलेल्या अर्जदाराला एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात, सही एकीकडे नि शिक्का दुसरीकडे, असे भर उन्हात हिंडावे लागले. जगाच्या प्रवासासाठी बांधलेल्या वास्तूत आता त्याच्या फेरफाराची आणि अपिलाची कागदपत्रे चालावीत, यात मला तिची अवनती दिसत नाही. मात्र आवकजावकाच्या खिडक्या तळमजल्यावरच असाव्यात, आणि सकाळच्या विरार गाडीने आलेल्याला संध्याकाळची गर्दी उसळण्यापूर्वी चर्चगेट गाठता यावे, एवढी तजवीज सरकारने पहिल्या दिवसापासून करावी.