लय जुळली, सम चुकली

एकच रेडिओ-सिग्नल दोन ठिकाणी एकाच वेळी नोंदवला आणि दोन नोंदींतला वेळेचा फरक नेमका मोजला, की सिग्नल कोणत्या दिशेने आला ते काढता येतं. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ अँटेनाकडून आलेल्या लहरींचे आकडे करतो आणि पुढचं काम संगणकावर सोपवतो. त्यामुळे हा प्रयोग आता विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आला आहे. अडचण येते ती घड्याळांची.

एका मायक्रोसेकंदात रेडिओ-लहर ३०० मीटर जाते. दोन रेडिओंची घड्याळं चालवणाऱ्या स्फटिकांत दहा लाखांत एक इतकाच फरक असला, तरी दर सेकंदाला तेवढी चूक साचत जाते. म्हणून दोघांना बाहेरून दोन सिग्नल पुरवतात: १० मेगाहर्ट्झचा संदर्भ आणि सेकंदाला एक स्पंद, म्हणजे पीपीएस. पहिला लय धरतो, दुसरा सम दाखवतो.

तरीही नोंदी जुळल्या नाहीत, तर आधी फरक कसा वागतो ते पाहावं. फेज, म्हणजे लहरीची आवर्तनातली जागा, सतत सरकत असेल, तर एक रेडिओ अजून स्वतःच्याच स्फटिकावर चालतो आहे. केबल सैल असेल, नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचं घड्याळ निवडायचं राहिलं असेल.

फरक बरोबर एक सेकंदाचा असेल, तर केबलला हात लावू नये. ‘पुढच्या स्पंदाला वेळ शून्य कर’ ही आज्ञा दोन्ही रेडिओंना एकामागून एक जाते. नेमका त्या दोन आज्ञांच्या मधे स्पंद येऊन गेला, की एक रेडिओ या स्पंदाला शून्य होतो आणि दुसरा पुढच्या. आज्ञांत ५ मिलिसेकंदांचं अंतर असेल, तर हजारात पाचदा असं घडणार. हा दोष मला सर्वांत घातक वाटतो, कारण चाचणीत तो सहज लपतो. उपाय सोपा आहे: स्पंद नुकताच येऊन गेल्याची खात्री करून मगच आज्ञा द्याव्यात. हातात जवळजवळ अख्खा सेकंद राहतो.

फरक स्थिर असेल, तर केबलची लांबी मोजावी. नेहमीच्या कोअॅक्सियल केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. १०० मेगाहर्ट्झला हे अर्धं आवर्तन झालं!

आणि रेडिओ बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दर वेळी फेज वेगळीच निघाली तर? रेडिओच्या आतला, इच्छित वारंवारिता तयार करणारा भाग दर वेळी वेगळ्या फेजवर स्थिरावतो, आणि ते पीपीएसच्या आवाक्यातलं नाही. इथे सगळ्या रेडिओंना एकच ओळखीचा सिग्नल देऊन फरक मोजायचा आणि गणितात वजा करायचा. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीतही, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांसाठी, हेच तत्त्व वापरतात: अँटेना आकाशातल्या ओळखीच्या रेडिओ-स्रोताकडे वळवून फेजची दुरुस्ती काढतात.

प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला असा ओळखीचा सिग्नल काही क्षण टिपून ठेवा. घड्याळ बिघडलं होतं असं नंतर लक्षात आलं, तरी त्याच्या आधारे बरीचशी नोंद वाचवता येते.