घरातलं गाणं घरभर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध, पुणे-बंगळूर रस्त्याला लागून नवनगर आहे. एका अंगाला कुंदगोळ, जिथल्या सवाई गंधर्वांनी गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांना घडवलं. दुसऱ्या अंगाला धारवाड, आणि त्याच्या जवळचं गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचं मन्सूर गाव. धारवाडला १९५० पासून आकाशवाणीचं केंद्र. अशा टापूतल्या मराठी घरात कपाट आवरायला घेतलं की गाण्याचा साठा निघतोच: एलपी, रेडिओवरून भरून घेतलेल्या कॅसेटी, पुण्याहून आणलेल्या सीडी, आणि कोणाच्या तरी लॅपटॉपवर अर्धवट उतरवलेल्या फायली. साठा सगळ्यांचा, पण ऐकायला मिळतो एकालाच, ज्याच्या हातात तो लॅपटॉप आहे त्याला. हेच गाणं घरच्या वायफायवरून बैठकीतल्या टीव्हीवर, स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर आणि आजोबांच्या फोनवर पोचवता येतं. लोक मागे फिरतात ते काही गैरसमजांपायी.

गैरसमज: इंटरनेट बंद पडलं की गाणंही बंद, आणि चालू असेल तर सगळा डेटा संपेल.

वस्तुस्थिती: राउटर दोन कामं करतो. बाहेरून आलेली लाइन घरात वाटतो आणि घरातली यंत्रं एकमेकांशी जोडतो. दुसऱ्या कामाला बाहेरची लाइन लागतच नाही. रस्ता खोदताना फायबर तुटली तरी वरच्या खोलीतल्या फोनवर खालच्या डिस्कमधला मारवा वाजत राहतो, आणि त्यात एक एमबीही खर्च होत नाही. सीडीच्या दर्जाचं गाणं जसंच्या तसं पाठवायला सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट लागतात. २००३ सालचं वायफायसुद्धा कागदोपत्री ५४ मेगाबिटचं होतं.

सामग्रीही मोठी नाही. जुना लॅपटॉप, किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, केबलने राउटरला जोडायचा, त्याला हार्ड डिस्क लावायची आणि नॅव्हीड्रोम किंवा जेलीफिन यांपैकी एखादं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं. बऱ्याच स्मार्ट टीव्हींना घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवायची डीएलएनए ही जुनी पद्धत कळते. ती ठरवणारी संघटना २०१७ मध्ये बंद झाली, पद्धत मात्र टीव्हींमध्ये टिकून आहे. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पोचत नसेल तर २.४ वर जोडावं, गाण्याला तो पुरतो. फोनला डिस्क दिसत नसेल तर तो राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर आहे का ते आधी पाहावं, कारण पाहुण्यांसाठीचं ते नेटवर्क घरातल्या यंत्रांपासून मुद्दाम तोडलेलं असतं. आणि करंट गेल्यावरही गाणं हवं असेल तर राउटर आणि छोटा संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत.

गैरसमज: ॲपवर सगळं मिळतं, मग हा खटाटोप कशाला?

वस्तुस्थिती: बाजारात आलेलं बरंच मिळतं, हे खरं. पण ॲपवरचं गाणं कंपन्यांच्या करारांवर टिकून असतं. २०२४ या एका वर्षात भारतात रेसो आणि विंक ही दोन ॲपं बंद झाली आणि लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या याद्या त्यांच्याबरोबर गेल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरातला खरा ऐवज बाजारात कधी आलेलाच नसतो. गणेशोत्सवातली बैठक, कोणाच्या तरी मुंजीनंतर रात्री जमलेली मैफल, पहाटे रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेली भैरवी, आजीचं पाळण्याचं गाणं. हे कुठल्याही कंपनीच्या सूचीत असणार नाही. घराघरांत पडून असलेला हा साठा मला व्यावसायिक ध्वनिमुद्रणांइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्याची दुसरी प्रत बहुधा नसते.

गैरसमज: जुनी कॅसेट तशीही खरखरते. एमपीथ्री केली की झालं.

वस्तुस्थिती: खरखरते म्हणूनच तिच्यातलं आणखी काही गमावू नये. एमपीथ्री फाइल लहान करण्यासाठी आवाजातला काही भाग टाकून देते, आणि टाकलेलं परत येत नाही. फ्लॅक हा २००१ पासून मोफत असलेला प्रकार काहीही न टाकता फाइल आवळतो. सीडीच्या दर्जाचं एक तासाचं गाणं साधारण साडेतीनशे एमबीत बसतं, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर अडीच हजार तास सहज मावतात. जागेची काटकसर करायचे दिवस गेले. उलटा उद्योगही करू नये: आधीच एमपीथ्री झालेल्या फाइलचं फ्लॅक केलं तर आकार वाढतो, आवाज तोच राहतो. फितीला पावसाळ्यात बुरशी धरते आणि एकदा वाजलेली फीत पुन्हा वाजेलच असं नाही. म्हणून पहिली प्रत फ्लॅकमध्येच घ्यावी.

ख्याल ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. सीडीवर विलंबित आणि द्रुत अशा दोन फायली असतात, पण गाणं सलग असतं. एमपीथ्री करताना फाइलच्या दोन्ही टोकांना शांततेचा बारीकसा तुकडा जोडला जातो. तो झाकणं प्रत्येक प्लेयरला जमत नाही, आणि मग विलंबितातून द्रुतात जाताना नेमका समेच्या तोंडावर खड्डा पडतो. फ्लॅकमध्ये ही अडचण नाही. आवाजाची पातळी आपोआप समान करणारी सोय असेल तर ती गाण्यागणिक न ठेवता अल्बमगणिक ठेवावी. नाहीतर दबक्या आवाजातली आलापी यंत्र द्रुत तानांइतकी मोठी करून टाकतं, आणि गायकाने सांभाळलेला चढ सपाट होतो.

गैरसमज: दोन डिस्कवर एकदम साठवलं म्हणजे साठा सुरक्षित.

वस्तुस्थिती: चुकून एका डिस्कवरून पुसलेलं त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसलं जातं. वेगळी, काढून ठेवलेली प्रत हवी, आणि शक्यतो दुसऱ्या गावी. बेळगावला मावशी असेल तर तिच्या कपाटात.

गैरसमज: परगावच्या मुलांना ऐकता यावं म्हणून राउटरचं पोर्ट उघडून दिलं की काम झालं.

वस्तुस्थिती: बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही अनेकदा काही पोचत नाही. पोचलं तर धोका आहे. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमांनी इंटरनेटवर उघड्या असलेल्या घरगुती स्टोरेज पेट्यांमधल्या फायली कुलूपबंद करून पैसे मागितले होते. बाहेरून ऐकायचंच असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा खासगी मार्ग वापरावा.

गैरसमज: हे सगळं बेकायदा आहे. किंवा याच्या उलट: कॅसेट विकत घेतली, आता मी तिचं काहीही करीन.

वस्तुस्थिती: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापरासाठीच्या वाजवी वापराला मुभा देतं. तीच फाइल कॉलनीच्या ग्रुपवर टाकणं किंवा यूट्यूबवर चढवणं त्यात बसत नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीवरचा तो हक्क २०२० अखेर संपला. नाट्यपदाचे शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा मोजला जातो.

गैरसमज: फायली डिस्कवर टाकल्या की घरच्यांना गाणी सापडतील.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त घरं इथेच अडतात. नॅव्हीड्रोमसारखं सॉफ्टवेअर फोल्डरची नावं बघत नाही, फाइलच्या आत नोंदलेली माहिती वाचतं. एकाने ‘गंगूबाई हनगल’ लिहिलं, दुसऱ्याने ‘श्रीमती गंगूबाई हनगल’, तिसऱ्याने ‘हंगल’, तर यंत्राला त्या तीन बायका वाटतात. आपल्या भागात त्यात लिप्यांची भर पडते: वडिलांनी मराठीत लिहिलेलं, नातवाने कन्नडमध्ये, सीडीवरून आपोआप आलेलं रोमनमध्ये. घराने एक लिपी आणि एक लेखन ठरवावं, पंडित-विदुषी ही बिरुदं नोंदीत घालू नयेत. देवनागरी चालते, युनिकोडमध्ये असली म्हणजे झालं. जुन्या फाँटांत टंकलेल्या नोंदी मात्र अगम्य चिन्हांसारख्या दिसतात आणि त्या नव्यानेच लिहाव्या लागतात.

रागासाठी या सॉफ्टवेअरांत सहसा वेगळा रकानाच नसतो. तो गाण्याच्या नावात सुरुवातीलाच लिहावा, शिवाय ‘जॉनर’च्या रकान्यातही टाकावा. मग ‘तोडी’ म्हटलं की घरातल्या सगळ्या तोड्या समोर येतात. साथीदार, ठिकाण आणि साल शेऱ्यात.

कॅसेटच्या पट्टीवर बॉलपेनने ‘मन्सूर – नट’ एवढंच लिहिलेलं असतं. मल्लिकार्जुन मन्सूर ज्या जयपूर घराण्याचे, त्यात शुद्ध नट गातात, नट बिहाग गातात, नट कामोदही गातात. हा कोणता? पट्टी सांगत नाही, यंत्राला कळत नाही. घरातल्या जाणत्या माणसाने दोन मिनिटं ऐकलं की कळतं. कधी कधी कॅसेटच्या शेवटी निवेदकाचा आवाज सापडतो: राग, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. फाइल नीटनेटकी दिसावी म्हणून लोक नेमका तोच तुकडा कापतात. तो कापू नका, कितीही खरखर असली तरी. त्या मैफलीचा तेवढाच पुरावा असतो.

डिस्क आणि राउटर वर्षभराने घेतले तरी चालतील. आधी कॅसेटी काढा, आवाज ओळखणाऱ्या मोठ्या माणसांजवळ बसा आणि ती सांगतील ती नावं लिहून घ्या.