कौटुंबिक वैद्यक, वृद्धसेवा आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण : खरवई परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. वाढत्या आयुर्मानाबरोबर वृद्धांच्या आरोग्याचा प्रश्न वैद्यकशास्त्रापुढे नव्या स्वरूपात उभा राहिला आहे. हा प्रश्न एका आजाराचा नसून एकाच व्यक्तीतील अनेक आजारांचा आणि त्या व्यक्तीच्या घराचा आहे. त्यामुळे वैद्यकीय विद्यार्थ्याने वृद्धसेवा रुग्णालयाबरोबरच घरातही शिकणे का आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कौटुंबिक वैद्यकाची दृष्टी

विशेषज्ञ अवयवाच्या किंवा आजाराच्या अंगाने विचार करतो, तर कौटुंबिक वैद्यक व्यक्ती, तिचे कुटुंब आणि दीर्घकाळचा परिचय यांवर उभे असते. उदाहरणादाखल उच्च रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी असलेल्या एखाद्या वृद्ध स्त्रीचा विचार करता येईल. तिन्ही तक्रारींसाठी ती तीन ठिकाणी जाते आणि तिन्ही ठिकाणची औषधे एकाच पिशवीत ठेवते. गुडघ्यासाठीच्या काही वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो व मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबाच्या काही औषधांनी उठून उभे राहताना चक्कर येते. रात्री शौचालयाकडे जाताना ती पडली, तर रुग्णालयाच्या नोंदीत केवळ हाड मोडल्याचा उल्लेख होतो. गोळ्यांची पिशवी, अंधारा बोळ आणि उंच उंबरठा ही कारणे घरी गेलेल्यालाच दिसतात.

ही पाहणी शास्त्रशुद्ध रीतीने करता येते. आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर नियंत्रण आणि जेवणे या सहा क्रियांवर आधारलेली कॅट्झ यांची मोजपट्टी १९६३ पासून वापरात आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे व परत येऊन बसणे यास लागणारा वेळ मोजला की पडण्याच्या धोक्याचा अंदाज येतो. त्यासाठी घड्याळ आणि खुर्ची एवढेच साहित्य पुरते. बसल्या जागी व उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला, तर चक्कर येण्याचे कारणही पुष्कळदा सापडते.

महाराष्ट्रातील परंपरा

या विचाराला महाराष्ट्रात पूर्वपीठिका आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी तेथे शिबिरात राहतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविली जातात आणि पुढेही ते ठरावीक अंतराने त्या कुटुंबांना भेटतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून देशभरातील एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम समाविष्ट केला. संशोधनाच्या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील वढू येथे के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राने पन्नाशीवरील ग्रामस्थांचा केलेला अभ्यास उल्लेखनीय आहे. स्त्रियांनी स्वतःचे आरोग्य पुरुषांपेक्षा अधिक खालावलेले असल्याचे त्यात सांगितले होते.

खरवईसारख्या वस्तीचा प्रश्न

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांपैकी शंभर विद्यार्थ्यांच्या प्रवेशक्षमतेचे एक अंबरनाथ येथे आहे. शेजारच्या बदलापूर पूर्वेकडील खरवई हे मूळचे गाव आता औद्योगिक वसाहत आणि नव्या इमारती यांनी वेढलेले आहे. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या २००१ मध्ये ९७,९४८ होती, ती २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. या परिसरातील नोकरदार वर्ग पहाटेच्या लोकलने मुंबईकडे निघतो व रात्री परततो. अशा घरांतील वृद्ध व्यक्ती कुटुंबात राहूनही दिवसभर एकटी असते.

कुटुंब दत्तक कार्यक्रमाची भाषा ग्रामीण आहे. खरवईसारखी वस्ती कागदोपत्री नागरी असून जुन्या घरांची ठेवण मात्र गावाची आहे. केवळ ‘गाव’ या शब्दावर निवड अवलंबून राहिली, तर महाविद्यालयाच्या शेजारचेच वृद्ध तिच्या बाहेर राहतील. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळाले, ही मोठी सोय होय. तथापि हे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे आहे. दाखल होण्याची वेळ टाळणे हे घरभेटीचे काम आहे.

मर्यादा व दक्षता

घरभेट म्हणजे केवळ माहिती गोळा करणे नव्हे. प्रश्नावली भरून विद्यार्थी परत न आल्यास कुटुंबाचा विश्वास उडतो. म्हणून वृद्धाची संमती, माहितीची गोपनीयता, अनुभवी अध्यापकांची सोबत आणि आढळलेल्या त्रासावर उपचाराची व्यवस्था या चार बाबी आधी निश्चित असाव्यात. औषधे बंद करण्याचा अथवा बदलण्याचा निर्णय विद्यार्थ्याने घ्यावयाचा नसून आपले निरीक्षण त्याने अध्यापकांपुढे मांडावयाचे आहे.

समारोप

एकाच वृद्ध व्यक्तीला काही वर्षे भेटत राहणारा विद्यार्थी आजाराची वाटचाल, औषधांचा परिणाम आणि कुटुंबाची ओढाताण एकत्र पाहतो. हे शिक्षण व्याख्यानातून मिळत नाही. दत्तक कुटुंबे निवडताना गाव की शहर या प्रश्नाऐवजी वृद्धांची गरज हा निकष धरला, तर खरवईसारख्या वस्तीला सेवा मिळेल आणि विद्यार्थ्याला खऱ्या अर्थाने कौटुंबिक वैद्यकाचा परिचय होईल.