सोनेच जेव्हा कसोटी होते

गुजरीत सोने कसे पारखतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. काळ्या कसोटीवर दागिना घासायचा, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि रेघ कितपत टिकते ते पाहायचे. बँकेत असताना सोनेतारण कर्जाच्या कागदावर आमची सही पडायची, ती सराफाच्या या पारखीवर भरवसा ठेवूनच. आज सांगायचे आहे ते मात्र उलट्या कसोटीविषयी. तिथे सोन्याची पारख होत नाही. सोनेच पारखी होते.

आपल्या शरीराचा बराचसा कारभार रेणूंच्या गाठीभेटींवर चालतो. प्रतिपिंड विषाणूला धरते, इन्सुलिन पेशीच्या दाराशी चिकटते, औषध आपले नेमके ठिकाण गाठते. या भेटी मोजण्यासाठी पूर्वी रेणूला किरणोत्सारी किंवा चमकणारा बिल्ला लावत. रक्तातले इन्सुलिन अशा खुणेने मोजण्याची पद्धत रोझलिन यॅलो यांनी सहकाऱ्यासोबत घडवली; १९७७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पद्धत थोरच, पण बिल्ला लावला की काही वेळा रेणूची वागणूकच बदलते.

बिनबिल्ल्याची युक्ती अशी. काचेवर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ सोन्याचा थर द्यायचा. काचेच्या बाजूने प्रकाश टाकला की एका ठरावीक कोनात तो जवळजवळ परततच नाही. सोन्यातले इलेक्ट्रॉन त्याची ऊर्जा गिळतात. सोन्याच्या दुसऱ्या अंगावर एक रेणू बांधून ठेवायचा आणि त्यावरून दुसऱ्याचे द्रावण वाहू द्यायचे. पाहुणा चिकटला की तो कोन किंचित सरकतो, सुटला की माघारी येतो. स्वीडनच्या लिंकोपिंगमधील संशोधकांनी १९८३ मध्ये ही वाट दाखवली आणि १९९० मध्ये उप्सालाहून ‘बायाकोर’ हे यंत्र बाजारात आले.

यातली खरी गंमत बँकवाल्याला चटकन कळेल. दोन खात्यांत महिनाअखेर शिल्लक सारखीच दिसते. पण एकात पैसा भराभर येतो-जातो, दुसऱ्यात सावकाश येऊन मुक्काम करतो. रेणूंचेही तसेच. चिकटण्याचा वेग आणि सुटण्याचा वेग वेगवेगळे कळले, तरच खाते समजले. टायोट्रोपियम हे दम्यासारख्या फुप्फुसविकारावरचे औषध आपल्या ठिकाणाहून फार हळू सुटते. म्हणून ते दिवसातून एकदाच ओढले तरी पुरते.

२०२० च्या फेब्रुवारीत टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी याच पद्धतीने नव्या करोना विषाणूची पकड मोजली. त्याचे काटेरी प्रथिन आपल्या पेशींवरील एसीई-२ ला जुन्या सार्स विषाणूपेक्षा सुमारे १० ते २० पट घट्ट धरते, असे त्यांना दिसले. इतर प्रयोगशाळांना हा फरक बराच कमी आढळला. रेणू कसा बांधला, कोणता तुकडा घेतला, यावर आकडा हलतो. ताळेबंद वाचताना खालची टीप वाचावी, तसेच हे. तरीही ज्या विषाणूने २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या घराघरांत रडे पोचवले, त्याची मूठ आधीच कोणीतरी मोजत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ही यंत्रे महाग. पण सोन्याची पारख स्वस्तात करण्याचा प्रयत्न आपल्याकडेही झाला. मुंबईच्या आयआयटीत प्रा. सौम्यो मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी प्रकाशतंतू इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा वाकवून त्यावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवले. प्रथिने चिकटली की तंतूतून येणारा प्रकाश बदलतो. त्यांचा हा शोधनिबंध २००९ चा.

सराफाची कसोटी खिशात मावते, म्हणूनच ती गल्लीबोळांत पोचली. प्रकाशाची ही कसोटी गगनबावड्याच्या दवाखान्यातल्या टेबलावर मावेल, तेव्हा तिच्यावरच्या सोन्याचे खरे मोल होईल.